आधी धर्म की आधी देश?

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो,

माणसाने आधी धर्माचा असावे की आधी देशाचा, या प्रश्नाकडे पाहताना तो कोणाला विचारला जातो हे मी आधी पाहतो. बहुसंख्याकांना तो सहसा कोणी विचारत नाही. ज्याचे सणवार देशाच्या सुट्ट्यांच्या यादीत आपोआप बसतात, त्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागितला जात नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी देशांतर केले, तेव्हा विचारणाऱ्यांच्या बाजूने उठून उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला येऊन बसलो, एवढे भान ठेवून मी बोलतो आहे.

कायदा, कर, न्यायदान आणि दुसऱ्याचे हक्क, एवढ्या बाबतींत देश आधी आला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की, देशापेक्षा आपापल्या पंथाला वरचे स्थान दिले गेले, तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल. हा इशारा आपण सोयीने फक्त धर्मापुरता वाचतो. जुन्या जातिपंथांच्या जोडीला परस्परविरोधी मतांचे राजकीय पक्षही येणार, ही चिंता त्यांनी त्याच भाषणात बोलून दाखवली होती. निवडणुकीच्या दिवसांतले आपले व्हॉट्सॲप गट आठवले, तर ती अनाठायी होती असे कोणी म्हणणार नाही.

मात्र देश आधी म्हटल्यावर देशाने काय काय मागावे, हा खरा अवघड भाग आहे. केरळमधील तीन भावंडे यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे अशी सक्ती करणारा कोणताही कायदा नाही आणि उभे राहण्यात पुरेसा आदर आहे, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल केवळ उदार नव्हे, तर काटेकोर वाटतो, कारण त्या मुलांच्या गप्प राहण्याने कोणाचाही हक्क हिरावला जात नव्हता.

दुसरे उदाहरण रणांगणावरचे आहे. अमेरिकी सैन्यातील डेस्मंड डॉस याने धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि तो वैद्यकीय सेवक म्हणून लढाईत गेला. अशा माणसाचा सैन्याला काय उपयोग, असे समजून वरिष्ठांनी आधी त्याला काढून टाकण्याचा प्रयत्न केला होता. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने गोळीबार चालू असताना जखमी सैनिकांना एकेक करून दोराने खाली सोडले. त्याच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात अशा सैनिकांचा आकडा ७५ आहे. त्याच्या बाबतीत आधी काय आणि नंतर काय, हे ठरवून सांगणे मला तरी जमणार नाही.

दोन्ही निष्ठा खरोखरच समोरासमोर आल्या तर काय करावे, याचे मला पटलेले उत्तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी १९६० मध्ये ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांपुढे दिले. सद्सद्विवेकबुद्धी किंवा राष्ट्रहित यांपैकी एकाला डावलल्याशिवाय पद सांभाळणे अशक्य झाले, तर आपण राजीनामा देऊ, असे ते म्हणाले. त्यांनी आपला कॅथलिक धर्म सोडण्याची तयारी दाखवली नाही आणि पद धर्मासाठी वाकवण्याची मुभाही मागितली नाही.

ही कसोटी राष्ट्राध्यक्षांपुरती नाही. आपल्यापैकी जे अमेरिकेचे नागरिक झाले आहेत, त्यांना ज्यूरीचे, म्हणजे खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटाचे, बोलावणे येते. आपली श्रद्धा मृत्युदंड मान्य करीत नसेल, तर त्यांनी ते निवडीच्या वेळीच न्यायाधीशांना स्पष्ट सांगावे. गप्प राहून ज्यूरीत जागा मिळवावी आणि मग पुरावा बाजूला सारून धर्माप्रमाणे निकाल द्यावा, असे करू नये.