खांड पडल्यावरचे आठ दिवस: रायगडच्या खारेपाटातले बंधारे

[दृश्य: धरमतर खाडी, ओहोटी. बंधाऱ्याला पडलेली खांड, म्हणजे बांध फुटून पडलेलं भगदाड.]

पेण आणि अलिबाग तालुक्यांतला हा खारेपाट. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मधे मातीचा बंधारा. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी या शेतांपेक्षा उंच चढतं. ही जमीन मूळची खाडीच्याच गाळाची, बांध घालून शेतीखाली आणलेली. बांध घातल्या दिवसापासून शेतात नवा गाळ येणं थांबलं, बाहेर मात्र तो साचत राहिला. त्यामुळे जुन्या खारबंदिस्तीत आतली जमीन बाहेरच्या चिखलापेक्षा खाली सापडते, आणि म्हणूनच इथे फुटलेला बांध आपोआप सावरत नाही.

समुद्र जमीन खातो म्हटलं की धुपलेली पुळण डोळ्यांसमोर येते. तीही खरीच गोष्ट. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या पाहणीत भारताच्या मुख्य भूमीचा जवळजवळ ३४ टक्के किनारा धुपताना आढळला. पण पुळण वर्षाला थोडी थोडी मागे सरते. खाडीकाठची जमीन एका उधाणात शंभर एकर जाते.

हिशेब करून पाहू. बांधाच्या आत ४० हेक्टर शेती आहे आणि भरतीला तिच्यावर एक मीटर पाणी चढतं, असं धरा. म्हणजे चार लाख घनमीटर पाणी सहा तासांत आत आलं पाहिजे आणि पुढच्या सहा तासांत बाहेर गेलं पाहिजे. सेकंदाला अठरा हजार लिटरांहून जास्त. खांड दहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असेल, तर पाण्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. ओली चिकणमाती या वेगाला टिकत नाही. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे खांडीचे काठ चार वेळा कातले जातात. आज पन्नास माणसांनी बुजणारी खांड महिन्याभराने यंत्रांनाही दाद देत नाही, ती यामुळे.

[दृश्य: बंधाऱ्याच्या उतारावरची खेकड्यांची बिळं.]

बांध फुटतो कशाने? सुरुवात बहुतेक वेळा बिळापासून होते. खेकड्याचं बीळ आरपार गेलं की भरतीला त्यातून पाण्याची धार लागते, धारेबरोबर माती जाते आणि माथा खाली बसतो. दुसरं कारण खाडीच्या तळाशी असतं. रेतीचा उपसा झाला की पात्र खोल होतं आणि बांधाचा पायथाच घसरतो. वरून मातीचे कितीही थर दिले तरी असा बांध उभा राहत नाही. मोठ्या बोटींच्या लाटा बाहेरचा उतार कापतात. आणि एक चूक दुरुस्ती करणारेच करतात: पायथ्यालगतची माती खणून माथ्यावर टाकतात. बांध उंच दिसतो, पण त्याच्या पायाशी चर पडलेला असतो.

खांड बहुधा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जाते, विशेषतः जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा भरतीला वाऱ्याचा आणि पावसाच्या पाण्याचा जोर मिळतो. तिथून भांगापर्यंत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या सर्वांत लहान भरतीपर्यंत, साधारण आठवडा असतो. तयारीला मिळणारा वेळ एवढाच. वेळ काढायला किनाऱ्यावरची रीत पुरेशी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा. म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. भांगाला पाणी कमी चढतं, संथ वाहतं आणि कामाचे तास भर उजेडात मिळतात. अष्टमी ते दशमी, या तीन दिवसांत खांड बंद झाली पाहिजे.

[दृश्य: खुंट ठोकण्याचं काम, बांबूचे तट्टे, पेंढ्याचे भारे.]

फुटलेल्या जागी पाण्याने डोह पाडलेला असतो. नवा बांध त्या डोहावर घालू नये. तळ मऊ असतो, बांध खचतो. डोहाला आतल्या बाजूने वळसा घालून घट्ट जमिनीवर अर्धगोल बांध घेतात. लांबी वाढते, पण माती कमी लागते.

खुंटांच्या दोन रांगा, त्यांना आतून बांबूचे तट्टे, मधे पेंढा आणि चिकणमातीचे आळीपाळीने थर. गोणी वापरायच्या असतील तर दोन-तृतीयांशच भराव्यात. गच्च भरलेल्या गोणी एकमेकींवर नीट बसत नाहीत, फटी राहतात. खरी अडचण क्रमाची असते. दोन्ही टोकांकडून काम मधे आणत गेलं की तोंड अरुंद होतं, वेग वाढतो आणि शेवटच्या चार मीटरमध्ये तळच वाहून जातो. म्हणून आधी पूर्ण रुंदीवर तळाला गोणींचा थर अंथरायचा आणि सगळा उंबरा सारखा वर आणत न्यायचा. शेवटचा थर दुपारच्या ओहोटीत पडला पाहिजे, आणि संध्याकाळच्या भरतीपूर्वी माथा त्या भरतीच्या वर गेला पाहिजे.

पक्कं काम पावसाळ्यानंतर. बाहेरचा उतार एकास तीन, आतला एकास दोन, माथा सर्वांत मोठ्या उधाणाच्या रेषेपेक्षा साधारण एक मीटर वर. माती वीस-तीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबत चढवायची आणि बसण्यासाठी दहा-पंधरा टक्के जादा उंची सोडायची. ओला चिखल एका दमात रचला तर वाळताना उभ्या भेगा पडतात, आणि पुढची खांड त्याच भेगेतून जाते.

पूर्वी हे काम जोळ पद्धतीने होत असे: प्रत्येक खातेदाराच्या घरचं माणूस बांधावर. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्यानंतर शासकीय योजनांतल्या बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. निधी आणि यंत्रं आली, पण अंदाजपत्रक आणि निविदा भांगाची तिथी पाहून निघत नाहीत.

[दृश्य: उघाडी. ओहोटीला उघडणारी झडप.]

ही उघाडी, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणारं दार. झडप वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली, खाडीच्या बाजूला. भरतीचा दाब तिला मिटवतो, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. एक ओंडका किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला की रात्रभर खारं पाणी आत येतं. मासे धरण्यासाठी झडप मुद्दाम अडवून ठेवण्याचे प्रकारही होतात. एका जेवणाच्या मासळीसाठी दोन-तीन वर्षांचं भात जातं, हे सांगायला हवं.

खांड बुजली तरी जमीन लगेच पिकत नाही. मातीची क्षारता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर असेल तर ती खारी समजतात, आणि नेहमीचं भात त्याच्या आधीच मान टाकतं. उपाय पावसाचाच आहे. बांधबंदिस्ती करून पावसाचं पाणी शेतात तुंबवायचं, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला उघाडीतून सोडायचं आणि पुन्हा भरायचं. पहिल्या पिकाला राता किंवा पनवेल-१, २, ३ यांसारखे क्षार सोसणारे वाण, बरेचदा मोड आलेलं बी चिखलात फेकून, रहू पद्धतीने. मार्च ते मे जमीन उघडी तापली की खालचं मीठ पुन्हा वर चढतं. म्हणून कापणीनंतरचा पेंढा थोडा शेतात पसरून ठेवणं फायद्याचं.

[दृश्य: बंधाऱ्याबाहेरची तिवरं.]

बांधाबाहेरचा तिवरांचा पट्टा लाटेचा जोर मोडतो आणि गाळ धरतो. तो तोडला की बांधाच्या दुरुस्तीचा खर्च वाढतो. नवी लागवड मात्र बहुतेक वेळा चुकीच्या पातळीवर होते. रोज तासन्‌तास बुडणाऱ्या खालच्या चिखलात रोपं लावणं सोपं असतं, कारण ती जागा मोकळी असते. ती मोकळी असते कारण तिथे काही जगत नाही. आधी तुंबलेली नाळ, म्हणजे भरतीचं पाणी आणणारा ओहोळ, मोकळी करावी, गुरांना अडवावं आणि पावसाळ्यात पिकलेली तिवराची फळं भरतीनेच येऊ द्यावीत. आली नाहीत तरच रोपं. लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो, तीन वर्षांनी जगलेल्यांचा क्वचितच.

हीच तिवरं खांड उघडी राहिली की दोन-तीन वर्षांत शेतातही उगवतात. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या रानाच्या, तोडीवर राज्यभर बंदी घातली. जमीन सरकारी असो वा खाजगी, भोवतालच्या ५० मीटरमध्ये बांधकामालाही मनाई. आदेश योग्यच आहे, कारण त्याआधी भराव घालून खाडीकाठ विकला जात होता. पण दुरुस्ती रखडल्यामुळे ज्याच्या शेतात कांदळवन वाढलं, त्याला आता त्या रेषेवर बांध घालायला न्यायालयाची परवानगी लागते. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने चढली आहे. हे पाहता दाट कांदळवन झालेली जागा सोडून बांध मागे आतकाठ्यावर, म्हणजे आतल्या दुसऱ्या बांधाच्या रेषेवर, घेणं आणि तोच उंच करणं हा बऱ्याच ठिकाणी शहाणा पर्याय आहे. तसं करायचं, तर बांधाबाहेर राहिलेल्या जमिनीचा मोबदला आधी ठरवावा लागेल. सातबारा अजून खातेदाराच्याच नावावर आहे.