खर्जातला माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे गाणाऱ्यांना खर्जाचं मोठं कौतुक. पहाटे उठून खालच्या षड्जावर बसावं, म्हणजे आवाजाला बूड येतं, असं जुने गवई सांगायचे. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते गवई नव्हते. इंग्लंडचे नट होते, पण बोलले आयुष्यभर खर्जातच. त्यांचं नाव ॲलन रिकमन. नाव चटकन ध्यानात येत नसेल, तर घरातल्या विशी-तिशीतल्या कुणाजवळही नुसतं ‘स्नेप’ म्हणून बघा. ‘हॅरी पॉटर’मधले ते काळ्या झग्यातले, तेलकट केसांचे, खडूस मास्तर.

त्यांचा आवाज इथे ऐकवता आला असता तर माझं अर्धं काम झालं असतं. आता वर्णनावरच भागवू. वाक्य सुरू करायची त्यांना कधीच घाई नसे. लय विलंबित. मध्येच असे थांबायचे की समोरच्याला वाटावं, विसरला की काय हा माणूस! आणि मग शेवटचा शब्द अलगद समेवर आणून ठेवायचे. आदळायचे नाहीत.

आणि हाच आवाज त्यांच्या शिक्षकांना दोष वाटला होता. जबडा जन्मापासूनच जरा आखडलेला. नाट्यशाळेत आवाजाचा तास घेणाऱ्यांनी निदान केलं, की याच्या टाळूचा मऊ भाग नीट हलत नाही. तिथे बरीच मेहनत त्यांनी घेतली, पण तो आखडलेपणा सगळाच गेला नाही. गेला नाही हे आपलं नशीब, असं मी म्हणेन.

जन्म 21 फेब्रुवारी 1946 चा, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टन भागातला. वडील कारखान्यात काम करायचे, घरं रंगवायचे. ॲलन आठ वर्षांचा असताना ते गेले आणि चार मुलं एकट्या आईच्या पदरात पडली. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवून चांगल्या शाळेत गेला, नाटकाची गोडी तिथलीच. पण अशा घरातला मुलगा अठराव्या वर्षी ‘मी नट होणार’ असं कुठल्या तोंडानं सांगणार? चित्रकलेच्या कॉलेजात गेला, पुढे रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला आणि मित्रांबरोबर ग्राफिक डिझाइनचा स्टुडिओ काढला. हौशी नाटक मात्र सुटलं नाही. त्या हौशी मंडळींतच रीमा हॉर्टन भेटली. तिच्याकडे आपण परत येऊ.

सव्विसाव्या वर्षी, चालता स्टुडिओ सोडून, त्यांनी ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेला पत्र टाकलं. प्रवेश मिळाला. खर्च भागवायला मोठ्या नटांचा कपडेपट सांभाळला. सर राल्फ रिचर्डसन हे एक, आणि नायजेल हॉथॉर्न हे दुसरे. हॉथॉर्न म्हणजे पुढे ‘येस मिनिस्टर’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेत ज्यांनी सर हम्फ्री हा सनदी अधिकारी केला, तेच. विंगेत हातावर कोट घेऊन उभं राहायचं आणि समोर चाललेला प्रयोग बघायचा. फी न भरता मिळालेलं हे शिक्षण.

पुढची दहाएक वर्षं गावोगावच्या नाट्यसंस्था, रॉयल शेक्सपिअर कंपनी, बीबीसीच्या मालिका. मग 1985 साली स्ट्रॅटफर्डला ‘ले लिएझों दांजरूझ’ हे नाटक आलं. त्यातला व्हाल्माँ हा बायकांना नादी लावणारा सरदार रिकमन यांनी केला. नाटक लंडनला गेलं, 1987 मध्ये ब्रॉडवेवर गेलं, टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. याच नाटकावरून सिनेमा निघाला, तेव्हा मात्र व्हाल्माँ दुसऱ्यालाच मिळाला, जॉन माल्कोविच यांना. नाटकवाल्यांना हे दुखणं नवं नाही.

पण ब्रॉडवेवर ते काम बघणाऱ्यांत जोएल सिल्व्हर नावाचे एक हॉलिवूडचे निर्माते होते. त्यांनी या इंग्रज नटाला ‘डाय हार्ड’मध्ये घेतलं. सिनेमा 1988 सालचा. रिकमन यांचा पहिलाच, वय बेचाळीस! भूमिका उंच इमारतीत लोकांना ओलीस धरणाऱ्या टोळीच्या म्होरक्याची. दहशतवादी म्हटल्यावर ठरलेला वेष होताच, पण रिकमन यांनी निर्मात्यांसाठी चिठ्ठी ठेवली: याला चांगला सूट घातला तर? म्हणजे हा आपणच ओलीस असल्याचं सोंग आणू शकेल. सोंगाचा तो प्रसंग सिनेमात आहे, आणि अख्ख्या मारधाडीत लक्षात राहतो तोच. कपडेपट सांभाळलेल्या माणसालाच हे सुचणार.

त्यानंतर हॉलिवूडला ते खलनायक म्हणूनच हवे होते. 1991 च्या रॉबिन हूडमधल्या शेरीफसाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, 1996 च्या दूरचित्रवाणीवरच्या रास्पुतिनसाठी एमी आणि गोल्डन ग्लोब हे अमेरिकेतले पुरस्कार. ‘खलनायक’ हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात सुंदर काम 1995 च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधल्या कर्नल ब्रँडनचं आहे. जिच्यावर जीव आहे ती तापानं फणफणलेली, आणि हा मध्यमवयीन माणूस एवढंच मागतो, की मला काहीतरी काम सांगा, नाहीतर वेड लागेल. आवाज चढत नाही. उलट अजून खाली जातो.

मग आले स्नेप. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा सातवं, म्हणजे शेवटचं पुस्तक यायला अजून सहा-सात वर्षं होती. स्नेपच्या मनात खरं काय आहे त्याचा एक छोटासा धागा लेखिका जे. के. रोलिंग यांनी रिकमन यांच्या हाती दिला. दिग्दर्शक बदलत गेले, पण कुणालाही त्यांनी तो सांगितला नाही. 2001 ते 2011, आठ सिनेमे! शेवट ठाऊक झाल्यावर पहिले भाग परत बघा. ते थांबे, ती मान वळवणं, सगळ्याचा अर्थ बदलतो.

सगळंच जमलं असं नाही. 1998 मध्ये हेलन मिरेन यांच्याबरोबर केलेल्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ला समीक्षकांनी झोडपून काढलं. ऑस्करचं तर साधं नामांकनही कधी मिळालं नाही.

आता रीमा. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. 1965 पासूनची सोबत, आणि लग्न केलं 2012 साली, न्यूयॉर्कमध्ये, कुणाला न बोलावता.

14 जानेवारी 2016 रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगानं रिकमन गेले. वय एकोणसत्तर. त्याच्या काही आठवडे आधी, ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक छोटंसं काम केलं होतं. एक चित्रफीत होती. लोकांनी ती बघायची, आणि जाहिरातींतून येणारा पैसा निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थांना जायचा. पडद्यावर दिसतं काय, तर एक कासव. संथपणे स्ट्रॉबेरी खातंय. रिकमन त्यात दिसत नाहीत. फक्त ऐकू येतात.