कमांडर सामंत आणि पलाशीचा तळ

(दृश्य: भागीरथीचं पात्र, सकाळ. होडीतून घेतलेलं लांबलचक चित्रण.)

१९७१ चं नौदल म्हटलं की आपल्याला कराचीच आठवते. क्षेपणास्त्र नौका, पेटलेल्या तेलटाक्या, ४ डिसेंबरचा नौदल दिन. आठवावंच. पण ही भागीरथी आहे, आणि इथल्या तळावरून लढल्या गेलेल्या युद्धाचे पहिले स्फोट कराचीच्या साडेतीन महिने आधी झाले. त्याची सूत्रं ज्यांच्या हातात होती, ते कमांडर मोहन नारायण राव सामंत.

(दृश्य: पाणबुडीचं जुनं छायाचित्र.)

सामंत मूळचे पाणबुडीवाले. सोव्हिएत संघातल्या रिगा इथे ४ सप्टेंबर १९६९ रोजी 'करंज' नौदलात दाखल झाली, तिचे पहिले कप्तान तेच. पाणबुडीवरच्या माणसाला नदीत कशाला पाठवायचं, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर फ्रान्समध्ये आहे. तूलाँ बंदरात पाकिस्तानची 'मांग्रो' ही पाणबुडी होती. पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात केलेल्या कत्तलीची बातमी कळल्यावर तिच्यावरच्या बंगाली नौसैनिकांनी पळून जायचं ठरवलं. आठ जण स्पेनमधल्या भारतीय दूतावासात पोहोचले आणि तिथून भारतात आले. नदीतल्या या मोहिमेची सुरुवात त्यांच्यापासून झाली, आणि तेही पाणबुडीवालेच. सामंतांना त्यांची भाषा कळायची, बंगाली नव्हे, पाणबुडीची.

(दृश्य: पलाशीचा स्मारकस्तंभ, मागे शेतं, पलीकडे नदी.)

ज्या पलाशीत १७५७ साली बंगाल हातचा गेला, त्याच परिसरात पाण्यातून जाऊन शत्रूची जहाजं उडवणारी पोरं घडवायचा तळ पडला. कागदोपत्री नाव फक्त 'सी-टू-पी', म्हणजे 'कॅम्प टू, प्लासी'. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या छावण्यांतून पोरं निवडली. बहुतेक शेतकऱ्यांची आणि कॉलेजातली. निवडीची अट सरळ होती, पोहता आलं पाहिजे. पूर्व बंगालच्या पोराला ती कसली अवघड!

(दृश्य: लिंपेट सुरुंग, अगदी जवळून. चुंबकाच्या कडा.)

हा लिंपेट सुरुंग, जहाजाच्या बुडाला चुंबकाने चिकटवायचा. वजन पाच किलोच्या आसपास. गमछ्याने छातीशी घट्ट बांधायचा, पायात फिन्स, कमरेला सुरी. सुरी कुणाला मारायला नव्हती. जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि कालवं चिकटून जाड थर बसलेला असतो. तो खरवडून खालचं लोखंड उघडं केल्याशिवाय चुंबक धरत नाही. हे सगळं काळोखात, पाण्याखाली, श्वास रोखून, आणि वर डेकवर पहारेकरी फिरत असताना. म्हणून तळावर रोज तासन्‌तास पोहणं, छातीला वजन बांधून, प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध. रात्री पुन्हा तेच.

एक भानगड होती ती खिळीची. सुरुंगाची खीळ पाण्यात विरघळणारी. ती विरघळली की सुरुंग फुटणार. पण नदीतून जहाजापर्यंत पोहोचायलाच इतका वेळ लागायचा की खीळ वाटेतच विरघळायची. त्यावर उपाय निघाला कंडोमचा. खिळीवर चढवायचं आणि सुरुंग चिकटवल्यावर काढून टाकायचं. गुप्त मोहिमेसाठी ही खरेदी कुठल्या खात्यातून दाखवली असेल, देव जाणे.

(दृश्य: जुना ट्रान्झिस्टर. फिरणारी सुई.)

निघायचा हुकूम वायरलेसवर नव्हता. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर पंकज मलिक यांचं गाणं लागलं की तयारीला लागा. संध्या मुखर्जींचं लागलं की आज रात्री पाण्यात उतरा. कुठली गाणी, हे फक्त तुकडीच्या म्होरक्यांना ठाऊक.

ऑगस्टच्या मध्यावर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज, चारही बंदरांत एकाच रात्री सुरुंग लागले. चितगावात 'अल अब्बास' आणि 'हुर्मुझ' ही जहाजं बुडाली. डिसेंबरपर्यंत बुडालेल्या आणि निकामी झालेल्या जहाजांची बेरीज एक लाख टनांच्या घरात सांगतात.

(दृश्य: सुंदरबनातली खाडी, दोन्ही बाजूंनी खारफुटी. पुढे मोंगला बंदर.)

मग उघड युद्ध. आता सामंत स्वतः नदीत. कलकत्ता बंदराच्या 'पद्मा' आणि 'पलाश' या दोन नौकांवर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवलेल्या. सोबत 'आयएनएस पनवेल' आणि सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. आपल्या पनवेलचं नाव घेऊन एक नौका बंगालच्या चिखलातून वर सरकतेय, हे मराठी माणसाने एकदा डोळ्यांसमोर आणून बघावं. या खाड्या बघा. नीट नकाशा नाही, भरती-ओहोटीने रोज बदलणारा तळ आणि वळणापलीकडे काय आहे ते वळल्यावरच कळणार. तरी १० डिसेंबरला सकाळी मोंगला हाती आलं आणि नौका खुलन्याकडे निघाल्या.

खुलन्याजवळ आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी त्यांना शत्रू समजून मारा केला. ओळखीसाठी नौकांवर पिवळं कापड होतं. 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या. 'पलाश'वरचे बंगाली नौसैनिक रुहुल अमीन त्या दिवशी गेले. बांगलादेशने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च किताब दिला. पाण्यातल्या माणसांना 'पनवेल'ने उचललं.

(दृश्य: महावीर चक्र, फितीसह.)

सामंतांना महावीर चक्र मिळालं, ते या मोंगला-खुलना मोहिमेसाठी. पलाशीचा तळ मात्र गुप्तच राहिला. ते कॅप्टन म्हणून निवृत्त झाले आणि २० मार्च २०१९ रोजी मुंबईत वारले. त्यांनी सांगितलेली सगळी हकिगत पुस्तकात छापून आली, तीही त्यानंतर काही महिन्यांनी. म्हणजे घटनेला अठ्ठेचाळीस वर्षं होत आल्यावर.