लेन्सच्या शेजारून

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख 'टीव्ही क्षेत्रातले जाणकार' अशी करून दिली. जाणकार वगैरे काही नाही हो. सतरा वर्षं मी मराठी मालिकांच्या सेटवर सहायक होतो आणि त्यातला निम्मा वेळ क्यू देण्यात गेला. ही क्यूची भानगड आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

मालिकेत फोनचा सीन असतो. आई घरात, मुलगा परगावी. मुलाचं काम करणाऱ्या नटाची त्या दिवशी तारीख नसते. मग लेन्सच्या अगदी शेजारी मी उभा राहतो, हातात सीनचे कागद, आणि वाचतो, 'हो आई. पोचलो आई. नाही गं, जेवलो नाही अजून.' अभिनय करायचा नाही, नुसतं वाचायचं. माझं वाक्य तिच्या वाक्यावर चढलं तर साउंडवाला ओरडतो. समोरची बाई बंद फोन कानाला लावून माझ्या त्या रेशनच्या रांगेतल्या आवाजाला उत्तर देते आणि रडते. ग्लिसरीन असतं, नाही असं नाही. पण ग्लिसरीननं फक्त पाणी येतं, चेहरा तिचा तिलाच आणावा लागतो. असा मी आजवर पुष्कळ जणींचा मुलगा झालोय, दोघींचा नवरा झालोय आणि एकदा तर सवतसुद्धा.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की, रोजच्या मालिकेतला नट दोन गोष्टींशिवाय काम करतो. समोर माणूस असेलच असं नाही, आणि गोष्टीचा शेवट त्याला माहीत नसतो. पहिलीची सवय होते. दुसरी अवघड.

नाटकात काय असतं? पहिल्या वाचनालाच तिसरा अंक हातात असतो. महिनाभर तालीम होते. शेवटी आपण घर सोडून जाणार हे माहीत असलं की पहिल्या प्रवेशात दाराकडे कसं बघायचं ते नट ठरवू शकतो. जुन्या दूरदर्शनवरही बरंचसं तसंच होतं. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं. त्या दशकातला चिमणराव आठवा. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींनी तो माणूस कागदावर आधीच पुरा करून ठेवला होता. प्रभावळकर तेव्हा तिशीतले. पुढे २००१ साली हेच गृहस्थ 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मध्ये आबा झाले. ती मालिका त्यांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर बेतलेली होती, म्हणजे तिथेही माणूस आधीपासून ओळखीचा. शिवाय आठवड्याला एक भाग. आबांचं ते थबकून बघणं, सुनेला बोलायचं ते नातवाला बोलणं, अशा गोष्टी मुरायला जागा होती. मला स्वतःला विचाराल तर मराठी टीव्हीवर त्याहून नेटकं काम मी पाहिलेलं नाही. पण आम्हा सेटवाल्यांचं मत फार धरू नका, आम्ही घरी गेल्यावर टीव्ही लावतच नाही.

१९९९ साली अल्फा मराठी (आजची झी मराठी वाहिनी) आलं, 'आभाळमाया' आली, सुकन्या कुलकर्णींची सुधा घराघरांत जाऊन बसली आणि रोजच्या मालिकेचा रतीब सुरू झाला. रतीब हाच शब्द बरोबर आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं उरतात, आणि ती दर दिवशी भरावीच लागतात. हाताशी भागांची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, असतील तर ठीक. नसेल तर सकाळचा सीन लेखक सकाळीच पाठवतो. नट मेकअपच्या खुर्चीत, एका डोळ्याला काजळ लागलेलं आणि दुसऱ्या डोळ्यानं मोबाइलवर वाक्यं पाठ चाललेली. गुरुवारी आकडे येतात, किती लोकांनी मालिका पाहिली त्याचे. आकडे पडले की ट्रॅक, म्हणजे गोष्टीची दिशा, बदलतो. कालपर्यंत सरळ असलेला दीर आज कपटी होतो, आणि त्या बिचाऱ्याला ते सेटवर चहा-पाणी देणाऱ्या स्पॉटदादाकडून कळतं.

रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या बाई. 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा केल्या, ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. कस्तुरबांचं सबंध आयुष्य समोर होतं, शेवट इतिहासातच लिहिलेला. त्याच रोहिणीताई 'चार दिवस सासूचे'मध्ये आशालता देशमुख झाल्या. ती मालिका २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग झाले. बारा वर्षं! माणसाची नोकरी एवढी टिकत नाही हल्ली. तीन हजार भाग जी बाई उभी करायची तिचं उद्या काय होणार हे ठाऊक नाही, अशा वेळी प्रशिक्षण किती पुरणार? मग नट कथेला धरून राहत नाही. तो पदराला, चष्म्याला, चालीला धरून राहतो.

आता 'रात्रीस खेळ चाले' घ्या. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा आणि ती मालवणी बोली. पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, त्यामुळे भाषेला तिथल्या मातीचा वास राहिला. २०१६ च्या पहिल्या पर्वात घरचे कर्ते अण्णा नाईक सुरुवातीलाच वारले. गोष्ट त्यांच्या माघारीची. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते मागच्या काळातलं, आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा चालतेबोलते झाले. इथे अख्ख्या महाराष्ट्राला शेवट माहीत, तरी लोक रात्री साडेदहाला जागे. कारण काय होणार याची उत्सुकता कुणाला नव्हतीच. अण्णा ओटीवर बसून शेवंताकडे, त्यांच्या त्या बाहेरच्या बाईकडे, कसे बघतात, एवढंच बघायचं होतं. बायका त्या माणसाला शिव्या घालायच्या आणि एक भाग चुकवायच्या नाहीत.

तिसऱ्या पर्वात मध्येच शेवंताचं काम करणारी नटी बदलली. सीन तेच, साडीही तीच असू शकते, पण लोकांनी पहिलीच मनात धरली होती. रिप्लेसमेंट हा शब्द सेटवर हळू आवाजात का बोलतात ते तेव्हा कळतं.

एक प्रसंग सांगतो आणि थांबतो, चहा निवतोय. घोडबंदर रोडवरचा एक सेट, मालिकेचं नाव राहू द्या. एक ज्येष्ठ ताई दोन मुलांची आई करत होत्या. ऐंशीएक भाग झाले असतील. एका सकाळी कागद आले : धाकटा हा तिचा मुलगाच नाही आणि तिला ते पहिल्यापासून माहीत आहे. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी कपाळाची टिकली काढून आरशाला चिकटवली आणि मला विचारलं, "अरे, मग इतके दिवस मी याला जेवायला वाढताना कशी वागले?"

मी कंटिन्युइटीची वही काढली, कुठल्या सीनमध्ये कुणी काय केलं ते तिच्यात टिपलेलं असतं. जेवणाचे नऊ सीन झाले होते. नऊच्या नऊ वेळा आधी थोरल्याचं ताट, मग धाकट्याचं. कुणी ठरवलं नव्हतं, थोरला कॅमेऱ्याच्या बाजूला बसायचा एवढंच त्याचं कारण. ताईंनी दोनदा वाचलं, "हं" म्हणाल्या आणि सेटवर गेल्या.

दुपारी जेवणाचा सीन लागला. ॲक्शन झाल्यावर ताई थोरल्याला ओलांडून गेल्या, धाकट्याच्या ताटात आधी भात वाढला, वर तूप घातलं आणि मग थोरल्याकडे वळल्या. कट झाल्यावर मी धावलो, "ताई, क्रम चुकला, आपण नेहमी आधी थोरल्याला..."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "वहीत लिही, आजपासून हा क्रम."