ओढ्याच्या वतीनं

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसं भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" हे विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. शाळेतल्या पोरालाही हे आकडे पाठ असतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा आकडे विचारायचंही कुणाला सुचत नव्हतं. आमचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत आहे. जिन्याच्या भिंतीवर सासऱ्यांनी खिळ्यानं ओरखडून पुराच्या खुणा केल्यात. खाली 2005, तिच्या वर 2021, आणि सगळ्यात वर, माझ्या डोक्यावर हातभर, 2019. घराला रंग देताना रंगाऱ्याला पहिली सूचना असते, तेवढ्या तीन रेघा सोडायच्या.

या तीन रेघा शहराच्या नकाशावर कुठं आहेत, यावर आज मला बोलायचं आहे. मी वास्तुविशारद आहे. नकाशे काढण्यात आणि मंजूर करून घेण्यात माझी तीस वर्षं गेली. टेबलाच्या पलीकडंही मी काही महिने बसले, आपल्याच भागातल्या एका नगरपालिकेच्या नियोजन समितीवर.

पहिल्यांदा थोडं कायद्याचं सांगते. आपला कायदा 1966 चा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो, आणि वीस वर्षांत एकदा तरी त्याची उजळणी व्हावी असं कायदा म्हणतो. आधी जमिनीचा सध्याचा वापर नोंदवतात, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. कुठं राहायचं, कुठं बाजार, कुठं कारखाने, कुठं शेती, रस्ता किती रुंद, शाळा आणि मैदान कुठं, सगळं रंगांत दाखवलेलं असतं. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. लोक त्या रंगांनीच बोलतात. "जमीन यलोत आली" म्हटलं की घरात पेढे येतात. "ग्रीनमध्येच राहिली" म्हटलं की चेहरे उतरतात. एका रेषेच्या अलीकडं आणि पलीकडं गुंठ्याचा भाव कितीतरी पटीनं बदलतो, मग माणसं त्या रेषेसाठी जिवाचं रान करणारच. त्यात मला काही गैर वाटत नाही.

आराखड्यावर हरकती येतात आणि त्या ऐकायला कलम 28 खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना, पर्यावरण यांतले जाणकार, जास्तीत जास्त चार. मी त्या चारांतली एक होते.

सुनावणी सभागृहात चालायची. बाहेर व्हरांड्यात माणसं सकाळपासून बसलेली. हातात सातबारा, झोन दाखला, लग्नाच्या अहेरात आलेल्या पिशवीत गुंडाळलेले नकाशे. एकेकाला पाचदहा मिनिटं. कुणाच्या घरावरून रस्ता गेलेला. कुणाच्या वडिलोपार्जित तीन गुंठ्यांवर मैदानाचं आरक्षण पडलेलं, आणि मुलीचं लग्न त्या जमिनीच्या भरवशावर ठरलेलं. आरक्षणाचा प्रश्न खरोखर क्रूर आहे. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षं झाली तरी जमीन घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देतो, आणि मग चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे बारा वर्षं माणूस ना बांधू शकतो ना चांगल्या भावात विकू शकतो, आणि शेवटी गावाला मैदानही मिळत नाही. अशी गाऱ्हाणी ऐकून घरी आले की मला जेवण जात नसे.

पण त्या गठ्ठ्यातली जवळजवळ प्रत्येक हरकत 'माझी जमीन' या दोन शब्दांनी सुरू व्हायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक आजोबा आले. धोतर, टोपी, काखेत जुन्या गाव नकाशाची प्रत. आमच्यातले एक सदस्य म्हणाले, "बोला, तुमची जमीन कोणत्या गटात?" आजोबा म्हणाले, "माझं काय न्हाई सायेब. माझी जमीन यलोतच आलिया. पर आमचा वढा कुटं गेला, तेवढं दावा."

आम्ही प्रारूप नकाशा पसरला. आजोबांनी त्याच्या शेजारी त्यांचा गाव नकाशा ठेवला आणि करंगळीनं रेघ ओढत नेली. गाव नकाशावर ओढा होता, बारीक दुहेरी रेषांनी दाखवलेला, वळणं घेत नदीला मिळणारा. आमच्या नकाशावर त्या जागी सलग पिवळा रंग. कुणी मुद्दाम पुसला असं मी म्हणणार नाही. ओढा वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा. पाहणीला गेलेल्या माणसाला तिथं बाभळी आणि गवताची लवण, म्हणजे खोलगट जागा, दिसली असेल, त्यानं 'पड जमीन' लिहिलं असेल. पुढं रंग भरताना पडीक जागा पिवळी झाली.

मी आग्रह धरला की जागेवर जाऊन पाहू. दोन-तीन जण निघालो. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात जोराचा पाऊस होऊन गेला होता. लवणीत चिखल होता, पाणी नव्हतं. एका ठिकाणी नव्या लेआऊटचा रस्ता ओढ्यावरून आडवा गेलेला, आणि त्याच्या पोटात सिमेंटचा एक पाइप, दोन फूट व्यासाचा असेल. आजोबा बाभळीपाशी थांबले आणि मला म्हणाले, "ताई, हितं बघा." बाभळीच्या फांदीच्या बेचक्यात वाळक्या गवताच्या काड्या, उसाचं पाचट आणि प्लॅस्टिकची एक चिंधी अडकली होती. माझ्या खांद्याच्या उंचीवर. पंधरा दिवसांपूर्वी तिथवर पाणी होतं. मी टेप काढून मोजलं, फोटो काढला. वहीत आकडा लिहिताना हात थरथरत होता, कारण असल्या जागांवरचे लेआऊट मीही बिनदिक्कत काढले होते.

समितीनं शिफारस केली, ओढा नकाशावर परत दाखवावा आणि दोन्ही काठांना पट्टा मोकळा ठेवावा. त्या एका लेआऊटला मात्र परवानगी आधीच मिळालेली होती. तो पाइप आजही तिथंच आहे.

आता सांगलीकडं येते. आपल्या नियमांत पूररेषा दोन. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. 2020 च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीप्रमाणं नदीकाठ ते निळ्या रेषेपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, बाग, मोकळं पार्किंग असले वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवं. वाचायला हा नियम चोख आहे. प्रत्यक्षात काय होतं? जोतं उंच करायचं म्हणजे बहुतेक जण मुरमाचा भराव टाकतात. एका प्लॉटवर पाच-सहा फूट भराव पडला की त्या जागेत मावणारं पाणी शेजारच्या जुन्या घरात जातं. मग शेजारी पुढच्या वर्षी बांधायला काढतो आणि तोही भराव टाकतो. प्रत्येक नकाशा नियमात बसतो, कारण फाइल एकेका प्लॉटची येते. सगळ्या गल्लीनं मिळून किती पाणी ढकललं, याची फाइल कुणाच्याच टेबलावर येत नाही. खांबांवर घर उचलून खालून पाण्याला वाट ठेवता येते. मी आता नदीकडच्या कामात भराव घालून देत नाही, दोन कामं त्यापायी गेली तरी.

आणि पूर फक्त कृष्णेचाच असतो असंही नाही. शामरावनगरमध्ये राहणाऱ्यांना विचारा. काळी माती, सखल भाग, आणि एकेक-दोनदोन गुंठे स्टॅम्पपेपरवर घेतलेले. हमाल, गवंडी, छोटे नोकरदार, ज्यांना लेआऊटमधला प्लॉट परवडला नाही त्यांनी मिळेल तिथं घर बांधलं. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं अशी बांधकामं नियमित करायची वाट काढली, ते योग्यच झालं. माणसांना उठवून कुठं नेणार? पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही. पावसाचं पाणी जायला जागा आधी ठेवली नसेल तर ती नंतर घरं पाडूनच मिळते, आणि तेव्हा गरिबाचंच घर वाटेत येतं. म्हणून नैसर्गिक नाल्यांबद्दल मी एवढी हट्टी आहे.

नाला वळवायला नियमात वाव आहे. पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा न बदलता, काही अटींवर, त्याचा मार्ग नीट करता येतो. आर्किटेक्टकडं हे काम येतं तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, कोपऱ्यातनं नेता येईल का?" नेता येतो. पण काटकोनात वळवलेलं पाणी वळणावर तुंबतं, आणि नाल्याचा छेद, म्हणजे रुंदी-खोली, किती ठेवायची हे ठरवायला वरच्या बाजूचं सगळं पाणलोट मोजावं लागतं. ते न मोजताच पाइप ठरतो. पाइपाचं माप दुकानात काय मिळतं त्यावरून ठरल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांची आठवण इथल्या ज्येष्ठांना असेल. जमिनीच्या पोटातली ती कोठारं. कुठल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कोरडी राहते, हे त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पारखलं होतं. 2005 च्या महापुरात तिथंही पाणी शिरलं. इतक्या भरवशाच्या जमिनीनंही दगा दिला, तर वीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर आपण डोळे मिटून कसं विसंबायचं?

आराखडा मंजूर झाला की विषय संपला असं लोक समजतात. खरं काम पुढं असतं. कलम 37 खाली मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करता येतात. इथली मैदानाची जागा रहिवासात, तिथला हरित पट्टा पिवळ्यात. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती जाहिरात बारीक अक्षरात, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी असते. गट क्रमांक दिलेला असतो, पण त्या गटातून ओढा जातो हे त्यात लिहिलेलं नसतं. तो महिना निघून गेला की प्रस्ताव शासनाकडं, आणि मग आपण पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून नगरसेवकाला फोन लावतो.

हरकत घ्यायला वकील लागत नाही. साध्या कागदावर चालते. तुमची जमीन तिथं असायलाच हवी असंही नाही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असे शब्द आहेत. फक्त मोघम लिहू नका. 'पर्यावरणाची हानी होईल' एवढ्या वाक्यानं समितीच्या हाती काही लागत नाही, हे मी समितीवर बसून सांगते. गट क्रमांक लिहा, गाव नकाशाची प्रत जोडा, पावसातला तारखेसह फोटो जोडा, घराच्या भिंतीवरची खूण जमिनीपासून किती फुटांवर आहे ते मोजून लिहा. पोच घ्या. सुनावणीला स्वतः जा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. पाणी कुठून जात होतं हे त्यांना ठाऊक असतं आणि ते कुठंच लिहिलेलं नसतं.

माझ्याकडं आपल्या भागाच्या गाव नकाशांच्या काही प्रती आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी शेरीनाल्याच्या, म्हणजे सांगलीतून कृष्णेला मिळणाऱ्या नाल्याच्या, तोंडापासून वरच्या अंगाला चालत जाणार आहे. नकाशावरचा प्रवाह आणि जागेवरचा प्रवाह ताडून बघायचा आहे. कुठं भिंत आली, कुठं पाइप आला, कुठं पाणी नुसतंच मुरतं, सगळं टिपायचं आहे. एका दिवसात होणार नाही, चार-पाच रविवार लागतील. ज्यांना यायचं आहे त्यांनी रबरी बूट घाला. कुणाकडं लांब टेप असेल तर आणा, माझी पन्नास फुटीच आहे.