जॉबशीटवर काय लिहिलंय?

(दृश्य: जेल रोड, संध्याकाळ. शोकेसमधले फोन, काउंटरवर बिल फाडणारा हात.)

इंदूरचा जेल रोड. नॉव्हेल्टी मार्केट, डॉलर मार्केट. घासाघीस हिंदीत, शेजारी उभ्या आईशी सल्लामसलत मराठीत. मग हातात बिल येतं आणि तळाशी ओळ असते: 'बिका हुआ माल वापस नहीं होगा.'

फोन चार दिवसांत बिघडला, की हीच ओळ वाचून रामबागेतलं गिऱ्हाईक गप्प बसतं. बसायचं कारण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर 30 दिवस. रंग आवडला नाही, यासाठी ही तरतूद नाही. आणि बिल पक्कं हवं. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्याशी आणि बिलाशी जुळवून घ्या.

(दृश्य: सर्व्हिस सेंटर. टोकन, रांग, प्रिंटर.)

दुकानदार इथे पाठवतो, आणि खरा निकाल इथेच लागतो. तापल्यावर बंद पडणारा फोन एसीच्या गारव्यात शहाण्यासारखा चालतो. म्हणून बिघाडाचा व्हिडिओ घरीच काढा. सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली ॲप बंद ठेवून, फोन चालवून पाहा: तिथेही तो बंद पडला, तर 'तुम्ही टाकलेल्या ॲपमुळे होतंय' हे उत्तर टिकत नाही. बऱ्याच फोनांत सिम ट्रेच्या खाचेत पाणी ओळखणारी पट्टी असते, ओल लागली की लाल होते. फोन देण्याआधी तिचा फोटो घ्या. मग बॅकअप, सिम बाहेर, रीसेट.

आता जॉबशीट, म्हणजे फोन जमा करताना मिळणारा तक्रारीच्या नोंदीचा कागद. काउंटरवरचा मुलगा घाईत टाइप करतो, 'हँग होतो'. एवढ्यावर सही करू नका. 'चार्ज 40 टक्के असताना आपोआप बंद पडतो, दिवसातून तीनदा', असं लिहून घ्या. बाह्य स्थितीचा रकाना तर दोनदा वाचा. तिथे न दिसणारा 'डेंट' लिहिला गेला, तर पुढे वॉरंटी त्याच शब्दावर अडते. गल्लीतल्या कारागिराने आधीच फोन उघडला असेल, तरीही तीच गत. परत घेताना, 'दोष आढळला नाही' असा शेरा असला तरी कागद घ्याच. एकाच बिघाडाच्या तीन जॉबशीट म्हणजे तीन तारखांचा पुरावा.

(दृश्य: घर. टेबलावर कागदांची चळत, मोबाईलवर फॉर्म.)

त्यानंतर कंपनीला ईमेल. खरेदी ऑनलाइन असेल, तर त्या वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. ती मध्यस्थी करते, हुकूम काढू शकत नाही.

हुकूम जिल्हा ग्राहक आयोगाचा. विक्रेता बंगळुरूचा असला तरी तुम्ही राहता इंदूरला, म्हणून तक्रार इंदूरला चालते. ई-जागृति पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत 2 वर्षं.

तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवतो. तेव्हा तो फोन लागतोच. निकाल लागेपर्यंत तो एक्सचेंजमध्ये देऊ नका.