हरिपाठ संपला की पंप बंद

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं कापूनछाटून घेतलंय, बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवलीय.)

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? ठीक. कमिटीने मला विषय दिलाय काम, नेतृत्व आणि श्रद्धा, वेळ दिलाय वीस मिनिटं, आणि किचनमधून वड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे वक्त्याने नम्र कसं राहावं ते आज वडेच शिकवतील.

मी ठाण्याचा. ठाणेकर माणूस नम्रतेवर बोलणार हाच मुळात विनोद आहे, कारण आम्ही कुणालाही भेटलो की दोन मिनिटांत सांगून टाकतो की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्याला आली, जणू इंजिन आमच्या पणजोबांनीच हाकलं होतं.

आधी एक कबुली देतो. मी अध्यक्ष होतो त्या वर्षी विसर्जनाच्या आरतीचं तबक पहिलं माझ्या हातात न देता स्पॉन्सरच्या हातात दिलं गेलं. तेव्हा मी हसत उभा होतो, फोटोत दिसतं ते, पण घरी जाऊन बायकोला दीड तास ऐकवलं, मी किती राबलो, हॉल कुणी बुक केला, मूर्ती कुणी सोडवून आणली वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आरती गणपतीचीच होती ना?" त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाहीये.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसने सगळ्या मॅनेजर लोकांना एका रिसॉर्टवर नेलं. तिथे एका कन्सल्टंटने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाला, आपल्या आयुष्याचा पर्पज लिहा, दहा मिनिटं आहेत. मी चारच मिनिटांत लिहिला, 'लोकांना घडवणं'. टाळ्या पडल्या. चिठ्ठी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तिचा गोंद गेलाय.

आता खरी गोष्ट. माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. (तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वागळे इस्टेट म्हटलं की पासपोर्ट ऑफिसची लाइन आठवत असेल, पण त्याच्या आधी तिथे भोंगे वाजायचे आणि सायकलींचे लोंढे निघायचे, आता तिकडे काचेच्या बिल्डिंगी आहेत.) बाबा डाय बनवायचे, कानस मारून मारून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली. लहानपणी मी एकदा विचारलं होतं की डायवर तुमचं नाव असतं का, तर म्हणाले, नाव कशाला, एक सूत जरी इकडंतिकडं झालं तरी सगळ्या शॉपला कळतं कुणाचं काम ते. मला तेव्हा ते उत्तर फार गरीब वाटलं होतं. खरं सांगतो, शाळेत बाबांचं काम विचारलं की मी 'इंजिनियरिंग कंपनीत' एवढंच सांगायचो.

रिटायर झाल्यावर बाबा नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी झाले, म्हणजे कुणीच तयार नव्हतं म्हणून झाले, आणि एकोणीस वर्षं राहिले. जुनी बिल्डिंग, चोवीस घरं, लिफ्ट नाही, पाणी पहाटे पाचला येतं ते दीड तास. एका जूनमध्ये टाकीपाशी शेवाळावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मी ऑफिसला सांगून चार महिने ठाण्यातून काम करायचं ठरवलं, आणि हॉस्पिटलमधल्या पलंगावरून बाबांनी माझ्या हातात वही दिली, म्हणाले, पाणी बघ तेवढं.

मी बघितलं म्हणजे कसं, तर मॅनेजरने बघावं तसं. व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तक्रारींसाठी गूगल फॉर्म केला, पंपाला ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोलर बसवून घेतला. वहीत रोजच्या नोंदी होत्या, 'ए विंग कॉक अर्धा', 'चौथा मजला आजी डायलिसिस, मं. आणि शु. आधी पाणी', आणि पंपासमोर प्रत्येक दिवशी '१ ह.', उन्हाळ्यात 'दीड ह.'. मी म्हटलं ह म्हणजे हजार लिटर. आता चोवीस घरांना हजार लिटर कसे पुरतील, इंजिनियर माणसाला तरी संशय यायला हवा होता की नाही? पण मी काय ठरवलं, तर म्हाताऱ्या माणसाचं एक शून्य लिहायचं राहिलं असेल. दहा हजार धरून टाकले आणि तसं सेटिंग केलं. बाबांना विचारलं नाही. ते दोन किलोमीटरवर पलंगावर दिवसभर छताकडे बघत पडून होते, मी रोज डबा घेऊन जात होतो, आणि विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात पाइपलाइनच्या कामासाठी शटडाऊन आला. बाहेर धो धो पाऊस आणि नळाला थेंब नाही, हे ठाण्याला नवीन नाही. खालची टाकी रिकामी, फ्लोट अडकलेला, माझा स्मार्ट पंप रात्रभर कोरडा फिरला आणि पहाटे मोटर जळली. दोन दिवस टँकर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन जिन्यात बसलेल्या मी अजून विसरलो नाही. मी ग्रुपवर व्यवस्थित मेसेज टाकला, कारणं, उपाय, अंदाजे खर्च, सगळं मुद्देसूद. खाली उतरलो तर जिना झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचे बाबा विचारायचे. तुम्ही कळवता."

मला राग आला. मनात म्हटलं, ही बाई मला शिकवणार? वर येऊन आईला सांगितलं, तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "थापटलं म्हण की आज."

गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तेरला संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईला तिथे मडकी थापटायचं थापटणं दिसलं, हे कशाला असतं म्हणून तिने विचारलं, आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. सगळे गप्प बसले, नामदेव महाराज चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. आता नामदेव म्हणजे कोण, तर ज्याच्या हातचं प्रत्यक्ष विठ्ठल जेवायचा, आपल्या भाषेत थेट मालकाशी बोलणं असलेला माणूस, आणि नेमका तोच कच्चा निघाला. मला त्या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. तो रुसून घरी बसला नाही, औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला गेला. पुढे पंजाबपर्यंत पोचला, गुरु ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत, आणि एवढं सगळं झाल्यावर जागा कुठली मागितली, तर पंढरपूरच्या देवळाची पायरी, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून.

मी काही नामदेव नाही, मी फक्त चिडलो तेवढंच साम्य. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टॉर्च घेऊन खाली गेलो. मोटर रिवाइंड होऊन आली होती. वॉचमन बिहारचा, त्याला विचारलं, काका पंप किती वेळ चालवायचे? तो म्हणाला, "घड्याळ नाही बघायचे. गाणं म्हणायचे, गाणं संपलं की बटन बंद."

ह म्हणजे हरिपाठ, मंडळी.

आधी टॉर्च मारून खालची टाकी बघायची, बटन दाबायचं आणि हरिपाठ सुरू करायचा. सगळे अभंग झाले की वरची टाकी भरलेली असायची. मे महिन्यात पाणी कमी दाबाने यायचं तेव्हा दीड हरिपाठ. पंपाजवळून हलायचंच नाही, त्यामुळे पंप कोरडा फिरायचा प्रश्नच नव्हता. आषाढी असो की कार्तिकी, माझे बाबा एकदाही वारीला गेले नाहीत, आधी कारखान्यात सुट्टी नव्हती आणि नंतर हा पंप होता. मी त्यांना फार देवभक्त समजतही नव्हतो. कोपिनेश्वराला नेलं तरी ते चपला सांभाळत बाहेर उभे राहायचे आणि तलावपाळीकडे बघत बसायचे.

कुणी असं समजू नका की मी कंट्रोलर काढून फेकला. तो आहे, आता नीट बसवलाय, कोरडा पंप बंद करणारा सेन्सरही लावलाय. बाबांनी घरी आल्यावर वॉकर धरून तो निरखून बघितला आणि म्हणाले, "चांगलंय, पण वायर सैल आहे." होती सैल. सप्टेंबरअखेरच्या आत सर्वसाधारण सभा घेतली, नेहमीप्रमाणे कोरम भरला नाही, नेहमीप्रमाणे अर्धा तास तहकूब केली आणि आले तेवढ्यांत उरकली (आपल्या मंडळाची आठवण आली ना?). त्या सभेत मी सेक्रेटरीपद दुसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंकडे दिलं. वहीत 'ह' चा अर्थ लिहून ठेवला.

इथे परत आल्यावर फार मोठं काही केलं नाही. आमच्या वेअरहाऊसची रात्रपाळी मी सहा वर्षांत एकदाही बघितली नव्हती, ती बघायला गेलो, आणि पहिल्या रात्री तिथल्या लोकांना वाटलं कुणाची तरी नोकरी जाणार. तीन रात्री गेल्या तेव्हा कुठे एकाने सांगितलं की दोन नंबरच्या दाराशी थंडीत हात चालत नाहीत. सहा वर्षं माझ्या रिपोर्टमध्ये ते दार 'स्लो' म्हणून लाल रंगात होतं.

बाबा आता खाली उतरत नाहीत. डॉक्टरांनी जिना बंद केलाय. पण पहाटे पाचला उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. मागच्या महिन्यात मी फोन केला तेव्हा इथे संध्याकाळ होती, तिकडे नुकतं पाणी आलेलं. बोलता बोलता मधेच थांबले. खालून ताईंचा आवाज आला, "काका, कुठवर आलंय?"

बाबा म्हणाले, "अजून सात अभंग," आणि मला म्हणाले, "ठेव तू फोन."